राघूच्या मागची खुर्ची

२ एप्रिल

ठके,

सतरा वेळा फोन केला. अठराव्यांदा कळलं, तू माझा नंबरच अडवून ठेवलायस. म्हणून हे पत्र. हसू नकोस. पोस्टात पाकीट मागितलं तर खिडकीतल्या बाईने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "कोर्टाचं काम आहे का?"

खुशाली विचारत नाही. खुशाली कसली असणार! निलंबनाचा कागद हातात पडल्यापासून तू धड जेवत नाहीस, असं आई म्हणाली. जेव बाई. उपाशी राहून कुणाची चौकशी थांबत नसते.

आता मुद्द्याचं. बावीस तारखेला समितीपुढे तुझी सुनावणी आहे. मी सरांशी बोलले. सर म्हणजे आमच्या संशोधन केंद्राचे प्रमुख, ज्यांच्या सहीवाचून माझा प्रबंध अडलाय ते. त्यांचं म्हणणं, प्रकरण ताणू नये. बारा मार्चला, मंगळवारी, तुझ्या वर्गातल्या त्या आजीजवळ एकटीच राहणाऱ्या मुलीने राघूला सांगितलं की घरी आजी उठत नाहीये. राघू पडला यंत्र. मुलांचं वाचन ऐकायचं, अडलं तर पुढे ढकलायचं, एवढंच त्याचं काम. त्याला आजी काय नि आजार काय! पण त्या संध्याकाळच्या नोंदपत्रात ओळ आहे: 'विद्यार्थिनीने घरातील आजारपणाचा उल्लेख केला. वर्गशिक्षिकेने लक्ष घालावे.' ते नोंदपत्र तुला पाठवल्याची नोंद आमच्याकडे आहे. बुधवारी मुलगी शाळेत आली नाही, तू गैरहजेरी मांडलीस आणि विसरलीस. गुरुवारी शेजाऱ्यांनी दार तोडलं, तर पोर आजीच्या उशाशी बसलेली आणि आजी गेलेली. झटका आला होता. मंगळवारी दुपारी जरी दवाखान्यात नेली असती तरी जगली असती, असं डॉक्टरांनी लिहून दिलंय.

तू एवढंच लिहून दे, की नोंदपत्र नजरचुकीने वाचायचं राहिलं. एक्केचाळीस मुलांच्या वर्गात राहतं. समज देतील, फार तर बदली करतील. 'मला आलंच नाही' हेच धरून बसलीस तर नोकरी जाईल, आणि म्हातारी तुझ्यामुळे गेली असं जन्मभर कागदावर राहील.

आणि खरं सांगायचं तर त्या सकाळी ती आधी तुझ्याच टेबलाशी आली होती ना? 'बाई' म्हणाली, आणि तू वहीतून मान वर न करता म्हणालीस, "राघूकडे जा, तुझा नंबर आलाय." फोनवर रडत रडत तूच सांगितलंस. मी काही पदरचं घालत नाहीये.

राग येईल तुला. येऊ दे. मी मोठी आहे, कडू बोलायचं काम नेहमी माझ्याच गळ्यात पडतं.

तुझी ताई


९ एप्रिल

ठके,

कार्ड मिळालं. ना मायना, ना सही. 'असलं कुठलंही नोंदपत्र मला आलेलं नाही. राघूने तिला काय उत्तर दिलं ते सांग.' लहानपणी भांडण झालं की दाराखालून अशाच चिठ्ठ्या सरकवायचीस. 'माझी पट्टी दे.' बस्स, तेवढंच.

विचारलंस म्हणून सांगते. वाचून झालं की फाडून टाक. राघू यंत्र नाही.

आता आधी पूर्ण ऐक, मग आदळआपट कर. मुलांचं बोलणं समजणारं यंत्र बनवायला वर्षं लागतात. बनवण्याआधी कळायला हवं की मुलं त्याच्याशी बोलतील कशी, अडखळतील कुठे, लाजतील का, वाद घालतील का. म्हणून पहिल्यांदा यंत्राच्या जागी माणूस बसवतात. मुलांना ते सांगायचं नसतं, कारण समोर माणूस आहे म्हटलं की मूल माणसाशी बोलल्यासारखंच बोलतं. ही मान्य पद्धत आहे, जगभर चालते, आम्ही काही चोरून केलेलं नाही. पालकांना शेवटी सांगणारच होतो.

तुझ्या वर्गातल्या हिरव्या डब्यात फक्त एक माइक आणि एक स्पीकर आहे. दुसरं टोक इथे, चार तासांच्या अंतरावर, दुसऱ्या मजल्यावरच्या बिनखिडकीच्या खोलीत. एक खुर्ची, कानाला हेडफोन, समोर नऊ बटणं, प्रत्येकावर रंगीत चिकटपट्टी. आवाज एका नाटकातल्या बाईचा, आधीच भरून ठेवलेला. एक दाबलं की 'छान! पुढचं वाक्य वाच.' दोन दाबलं की 'मला कळलं नाही. जरा स्पष्ट बोल.' मूल भलतंच काही बोलायला लागलं की नऊ: 'आपण आधी गोष्ट पूर्ण करू या.' उत्तर दोन सेकंदांत जायला हवं, नाहीतर मुलांना संशय येतो. त्या खोलीला आम्ही 'उंट' म्हणायचो, इथे बसून तिथल्या शेळ्या हाकायच्या म्हणून. सकाळी आलं की पहिला प्रश्न, "आज उंटावर कोण?"

कळतंय, तुझ्या कपाळाची शीर उडत असेल. मोठ्या बाईंच्या हातापाया पडून तू हा प्रयोग शाळेत आणलास, माझ्यासाठी आणलास, आणि तुलाही आम्ही अंधारात ठेवलं. अगं, तुला सांगितलं असतं तर पहिल्याच दिवशी मुलांना कळलं असतं. तुझ्या पोटातलं तोंडावर दिसतं, आजचं नाही ते.

त्या मंगळवारी उंटावर मी नव्हते. चष्मेवाली होती, नवीन लागलेली मदतनीस. नियम पाळला बिचारीने. बहुतेक नऊ दाबलं असेल.

नजरचुकीचं पत्र अजून दिलं नसशील तर दे. तेरा दिवस आहेत.

ताई


१५ एप्रिल

ठके,

तू उत्तर दिलं नाहीस. बरंच केलंस.

आज दुपारी चष्मेवाली चहा घेताना समोर येऊन बसली. चोवीस वर्षांची आहे. कप खाली ठेवून म्हणाली, "मॅडम, सर मला विचारत होते की बारा तारखेला मीच बसले होते ना. तुम्ही माझं नाव सांगितलंत का?" मी म्हटलं, "छे! मी कशाला सांगू?" ती म्हणाली, "मग बरं." आणि माझ्या ताटलीतलं बिस्कीट उचलून खात गेली. एवढा विश्वास!

उंटावर मीच होते.

हो, मागच्या पत्रात खोटं लिहिलं. पण तूही बस त्या खुर्चीत म्हणजे कळेल. तुझ्या वर्गाचा गलका, वरचा पंखा, बाकं सरकवण्याचा आवाज, सगळं कानात येतं. मला 'आजी' एवढाच शब्द लागला. मी दोन दाबलं, मग नऊ दाबलं. दुसरं काय करणार होते?

आणि नियम मोडायची चैन आम्हाला नसते. पहिल्याच आठवड्यात तुझ्या वर्गातली एक मुलगी वाचता वाचता खोकत सुटली. मला राहवलं नाही, बटणं सोडून मी टाइप केलं (टाइप केलेलंही त्याच आवाजात बोलायची सोय आहे), 'पाणी पिऊन ये.' राघू तसं बोलला. पोर खूश. सरांनी ती ध्वनिफीत ऐकली आणि चार दिवसांचं काम कचऱ्यात टाकलं. सगळ्यांसमोर म्हणाले, "तुम्हाला यंत्र व्हायचंय की आया व्हायचंय, ते ठरवा." मी कानाला खडा लावला. माझी सहा वर्षं या प्रबंधात गेलीत, ठके. तुझं लग्न, बाबांचं आजारपण, सगळ्याला मी एका दिवसाची पाहुणी होते, तेव्हा कुणी बोललं नाही. आता एका बटणाचा एवढा हिशेब?

वाक्य लिहिलं आणि माझं मलाच ऐकवेना. खोडत नाही, राहू दे. मी कशी बोलते ते तुला माहीतच आहे.

ती मुलगी तुमच्या गावाबाहेरच्या बालगृहात आहे, असं कळलं. शनिवारी जाऊन बघून येते. तुझ्याकडे येत नाही, घाबरू नकोस.

ताई


२१ एप्रिल

ठके,

हे पत्र पोस्टाने नाही, मी स्वतः दारातून आत टाकणार आहे. उद्या सुनावणी आहे. त्याआधी तू हे वाचलेलं असावंस.

काल बालगृहात गेले. लांबट खोली, लोखंडी खाटा ओळीने, फिनेलचा वास. सांभाळणाऱ्या मावशी मला शिक्षण खात्यातली समजल्या, मीही समजू दिलं. म्हणाल्या, "पोर गुणी आहे. त्रास काही नाही. फक्त दिवसभर एकच वाक्य घोकते. मध्ये अडखळली की परत पहिल्यापासून."

ती मागच्या पायरीवर बसली होती. दोन वेण्या, एकीची रिबीन सुटलेली. मी शेजारी टेकले. ती समोरच्या भिंतीकडे बघून म्हणत होती, "माझी. आजी. उठत. नाहीये." एकेक शब्द सुटा, आपण फळ्यावर लिहून वाचून घेतो तसा. मग थांबायची, आणि परत. मी विचारलं, "हे काय करतेस गं?"

"अभ्यास."

"कसला?"

"राघूला कळलं नाही ना. तो म्हणाला, स्पष्ट बोल. माझं स्पष्ट येत नव्हतं." मग तिने माझ्याकडे पाहिलं. "आता येतं का?"

मी 'हो' म्हटलं आणि उठले. फाटकापाशी मला उलटी झाली. मावशी पाणी घेऊन धावत आल्या, म्हणाल्या, "ऊन लागलं असेल तुम्हाला." मी त्यांनाही 'हो' म्हटलं.

ती समजते, तिला बोलता आलं नाही म्हणून आजी गेली. आठ वर्षांची पोर, ठके!

तर आता खरं. गलका नव्हता. तिच्या पाळीला तू मुलांना चित्रं काढायला बसवलं होतंस, वर्ग शांत होता. मला शब्द न् शब्द स्वच्छ ऐकू आला.

माझ्या प्रबंधाचा विषय काय आहे, हे तू कधी विचारलं नाहीस आणि मी सांगितलं नाही. मुलं यंत्राला काय थापा मारतात, हा माझा विषय. माणसाला मारत नाहीत इतक्या यंत्राला मारतात, त्याची परीक्षा बघायला. तुझ्याच वर्गातल्या एकीने सांगितलं होतं की आमच्या गच्चीवर देवमासा राहतो. एकाचे बाबा चंद्रावर कामाला होते. एकीने स्वतःच्या धडधाकट आईला दोनदा मारून पुन्हा जिवंत केली. अशा तीनशे-साडेतीनशे थापा माझ्याकडे गोळा झालेल्या. मी हसायचे, तक्त्यात 'कल्पित' असा शेरा मारायचे आणि दोन दाबायचे, कारण 'कळलं नाही' म्हटलं की मूल थाप आणखी रंगवून सांगतं. मला ती रंगवलेली हवी असायची. चौथ्या प्रकरणासाठी.

तिच्यापुढेही मी 'कल्पित' लिहिलं. आणि शेजारी लिहिलं, 'उत्तम उदाहरण'.

शुक्रवारी तुझा फोन आला. तू रडत होतीस आणि मी एका हाताने फोन धरून दुसऱ्या हाताने 'कल्पित' खोडून 'अस्पष्ट' करत होते. ते नोंदपत्र त्याच संध्याकाळी तयार झालं, तारीख मंगळवारची घालून. सर म्हणाले, "केंद्र वाचायला हवं. शिक्षिका तुमचीच बहीण आहे ना, समजून घेईल." टाइप मी केलं. आणि ती आधी तुझ्या टेबलाशी आली होती, हे तू फक्त मला सांगितलं होतंस. ते समितीच्या कागदात कसं गेलं, याचा तुला उलगडा होत नसेल. मी सांगितलं सरांना.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे चोरच संन्याशाला पत्रं लिहून शिकवत होता, की बाई गं, मान जरा नीट पुढे कर. लाज वाटते मला. तुझी नाही, लोकांची नाही, माझीच किळस येते.

उद्या अकराला मी येते. मूळ तक्ता, मूळ ध्वनिफीत, सगळं आणते. तू काहीही लिहून देऊ नकोस. आधीच दिलं असलंस तर दारातच मागे घे.

ताई


३ मे

ठके,

निलंबन उठल्याचा तुझा हुकूम निघाला, मोठ्या बाईंनी फोन केला होता. उद्यापासून वर्गावर. मला आनंद झाला, असं लिहायचा अधिकार आहे की नाही ठाऊक नाही. पण झाला.

माझ्याकडचं सांगते. प्रबंध रद्द. सरांनी हात झटकले, 'मला काही कल्पना नव्हती' म्हणाले. त्यांची चौकशी होईल तेव्हा होईल. माझ्यावर खोटा कागद बनवल्याचा गुन्हा दाखल होतोय. चष्मेवाली वाचली. उंटाला कुलूप लागलं.

जबानीत मी म्हटलं होतं, 'मुलीने सांगितलं आणि मी दुर्लक्ष केलं.' किती वेळा सांगितलं, ते म्हटलं नव्हतं. ते तुलाही लिहिलं नव्हतं. तेवढं तरी झाकून ठेवावं असं वाटत होतं. ध्वनिफीत लागली तेव्हा तू मांडीवर हात ठेवून बोटं मिटत होतीस, मी बघितलं. पहिलं बोट: "राघू, माझी आजी उठत नाहीये." दुसरं: "माझी आजी उठत नाहीये, डोळे उघडे आहेत, पण बोलत नाही." तिसरं: "तू कुणाला तरी सांग ना." मग माझं नऊ: 'आपण आधी गोष्ट पूर्ण करू या.' मग तिने अख्खी गोष्ट वाचली, अकरा वाक्यं, एकही चूक नाही. मी अकरा वेळा 'छान' दाबलं. सभापतींनी चष्मा काढला. तू मूठ तशीच मिटून बसली होतीस.

बाहेर जिन्यापाशी मी तुला हाक मारली. तू वळलीस, दीड महिन्यात पहिल्यांदा माझ्याशी तोंडाने बोललीस. "मला सांगून काय व्हायचंय? तिला जाऊन सांग." आणि पदर सावरत उतरून गेलीस.

दहा दिवस मी टाळाटाळ केली. डॉक्टर काय म्हणतील, पोरीला सोसेल का, असली कारणं काढली. शेवटी बालगृहाच्या डॉक्टरीण बाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "तिला स्वतःचा दोष वाटतोय, त्याहून वाईट तुम्ही काय सांगणार आहात?" काल गेले.

त्याच पायरीवर होती. वाक्य चालू होतं. मी म्हटलं, "थांब जरा. राघू म्हणजे मी. डबा ऐकत नव्हता, मी ऐकत होते."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. "तुझा आवाज तसा नाहीये."

"आवाज दुसऱ्या बाईचा होता. ऐकत मी होते. तू स्पष्ट बोलली होतीस. मला कळलं होतं."

"पहिल्यांदा?"

"हो, पहिल्यांदाच."

"दुसऱ्यांदा पण?"

"हो."

"आणि कुणाला तरी सांग म्हटलं, ते?"

"ते पण."

ठके, मला वाटलं होतं ती रडेल, मारेल, मावशींना हाक मारेल. तिने सुटलेली रिबीन बोटाला गुंडाळली, सोडली, परत गुंडाळली. मग विचारलं, "मग तू आली का नाहीस?"

तिथे तरी खोटं बोलायचं नाही असं ठरवून गेले होते. म्हटलं, "मला वाटलं, तू मनाने रचून गोष्ट सांगतेयस."

मी अजूनही काहीतरी चुकीचं समजतेय आणि ते आपण समजावून सांगायला हवं, असा तिचा चेहरा झाला. अगदी सावकाश, एकेक शब्द सुटा करून ती मला म्हणाली, "नाही. गोष्ट मी नंतर वाचली."

आतून जेवणाची घंटा झाली. ती उठली, फ्रॉकची धूळ झटकली आणि आत गेली.

ताई